शिवणीत सोडलेली माया

अमेरिकन माणूस ज्याला ‘पँट्स’ म्हणतो त्याला इंग्रज ‘ट्राउझर्स’ म्हणतो. आणि इंग्रज ज्याला ‘पँट्स’ म्हणतो ती वस्तू आमच्या कऱ्हाडला बायका साडीच्या आड वाळत घालतात. या एका शब्दाच्या घोळातून माझी आणि एका अमेरिकन रॉक बँडची गाठ पडली. पुढे पंधरा-एक वर्षं ते लोक इंग्लंडला आले की त्यांचे कपडे माझ्या मशिनीखालून जायचे. बँडचं नाव मी लिहिणार नाही. ज्यांना त्या संगीताची आवड आहे ते ओळखतील, आणि ज्यांना नाही त्यांच्या लेखी ती केस वाढवून बोंबलणारी चार माणसं. सुरुवातीला माझ्याही लेखी तेवढीच होती.

वेम्बलीच्या मोठ्या हॉलपासून चालत दहा मिनिटांवर, एका गोदामाच्या वरच्या मजल्यावर मॉरीनचं वर्कशॉप होतं. पाच मशिनी, दोन इस्त्र्या, एक लांब टेबल आणि कायम उकळत असलेली किटली. मॉरीन आधी नाटकवाल्यांची कपडेपटवाली होती. हॉलमध्ये मोठमोठे बँड यायचे, त्यांचे कपडे दुपारी फाटके यायचे आणि पाचच्या आत शिवून परत जायचे. मी हॅरोहून ट्रेननं जायची. कऱ्हाडला मी सात वर्षं ब्लाउज शिवले होते, त्यामुळे हाताला वेग होता. मॉरीनला ‘सुलभा’ म्हणणं जमेना, तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं माझी ‘सू’ करून टाकली. घरी सांगितलं तर हे इतके हसले की चहा नाकात गेला.

“अगं, तिथे सगळे तुला सू म्हणणार? आणि तू ओ देणार?”

दिली. पंधरा वर्षं दिली.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. एका दुपारी हॉलमधून फोन आला: अमेरिकन बँडच्या गायकाच्या पँट्स फाटल्यात, काळ्या चार ताबडतोब पाठवा. फोन घेतला तो नव्या आलेल्या इंग्लिश पोरीनं. ती बाजारात पळाली आणि चार काळ्या चड्ड्यांचं पाकीट घेऊन आली. बाकीच्या कामात होत्या म्हणून मॉरीननं ते माझ्या हाती देऊन मला पाठवलं. मीही पाकीट उघडून बघितलं नाही, हा माझा गाढवपणा. हॉलच्या मागच्या खोलीत गायक टॉवेल गुंडाळून बसला होता. त्यानं पाकीट फोडलं, एक चड्डी दोन बोटांनी वर धरली आणि माझ्याकडे बघितलं.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी म्हटलं, “धिस इज नॉट पँट.”

तो खुर्चीवरून उठलाच. “ऐका रे! या देशात पँट म्हणजे काय ते कळणारी पहिली बाई मला भेटलीय!”

त्याचं नाव वेड. आईबापांनी विचार करून ठेवलं असावं. इंग्रजीत तू-तुम्ही नाही, पण वेडचं बोलणं मला कायम अरे-तुरेतच ऐकू यायचं. मी त्याची फाटकी पँट मागून घेतली. आसनावर फाटली होती, म्हणजे दोन पाय जिथे जुळतात तिथे. तिसऱ्या गाण्याला हा माणूस ड्रमच्या चौथऱ्यावरून दोन्ही पाय फाकवून उडी मारायचा, आणि रोज त्याच उडीला पँट जायची. आधीच्या लोकांनी तिथे तिहेरी टीप मारली होती. पण टीप कितीही पक्की घातलीत तरी ताण पडला की शेजारचं कापड फाटतं. दोष शिवणीचा नव्हताच. तिथे मुळात कापडच कमी होतं.

आमच्याकडे शेतातली माणसं लेंगा घालतात. लेंगा घालून माणूस उकिडवा बसतो, बांध ओलांडतो, बैलगाडीवर चढतो, पण आसन फाटत नाही. कारण दोन पायांच्या मध्ये पतंगाच्या आकाराचा एक जादा तुकडा जोडलेला असतो. मी वेडच्या चकाकत्या काळ्या पँटला तोच तुकडा जोडला. मॉरीननं बघितलं, भुवया वर केल्या, पण पाच वाजत आले होते. त्या कार्यक्रमात वेडनं उडी मारली, पँट टिकली. त्याला इतका आनंद झाला म्हणे की त्यानं शेवटच्या गाण्यात ती उडी आणखी दोनदा मारून दाखवली. पुढे त्या बँडची इंग्लंडमधली पोस्टरं निघाली, त्यात हा गडी हवेत पाय फाकवून लटकलेला असायचा. बघणाऱ्याला त्याचे केस दिसायचे. मला मात्र साताऱ्याकडच्या लेंग्याचं आसन दिसायचं.

त्या वेळी आमची मेघना तेरा वर्षांची. इथेच जन्मलेली, इथल्याच शाळेत. मराठी बोलायची ते आमच्यावर उपकार म्हणून, आणि त्यात पुल्लिंग-स्त्रीलिंगाची पार खिचडी.

“आई, you're joking! वेडचा पँट तू शिवली? माझी क्लासमध्ये कोणी believe नाही करणार!”

“वेडची पँट. माझ्या क्लासमध्ये,” मी म्हटलं.

“Whatever. तू त्याला touch केली?”

“माप घ्यायला हात लावावाच लागतो.”

तिनं तो आठवडाभर मला ज्या आदरानं वागवलं तसं नंतर कधी वागवलं नाही.

पुढच्या खेपेला बँडनं मॉरीनकडे फोन करून “ती लेंग्यावाली” मागितली. शब्द अर्थात त्यांचा नव्हे, पण माणूस मीच. त्या वेळी ते दुसऱ्या कुणाच्या आधी वाजवायला नव्हे, आपल्याच नावानं आले होते, मोठा हॉल भरून. चौघांचे नवे कपडे आम्ही शिवले. ताणणारं, अंगाला चिकटणारं कापड. ते शिवायला बोथट टोकाची सुई लागते, नाहीतर कापडाचे धागे तुटून छोटी छोटी भोकं पडतात. ते मला मॉरीननं शिकवलं. पण जे सात वर्षांत हाताला लागलं होतं ते जाईना. आमच्याकडे ब्लाउज शिवताना बाजूच्या शिवणीत आतून दीड-दोन इंच कापड जास्तीचं सोडतात, त्याला म्हणतात माया. बाई अंगानं भरली की टीप उसवायची, मायेतून सोडायचं, पुन्हा टीप मारायची; ब्लाउज आणखी पाच वर्षं चालतो. मी चारही पँटना दीड-दीड इंच माया सोडली. सवयीनं. डोकं न चालवता.

अंगाला चिकटलेल्या पँटमध्ये आत दीड इंचाची घडी म्हणजे काय होणार? कपडे घालून बघताना दिवे लावले, तर चौघांच्या मांड्यांवरून वर-खाली दोरखंड ओढल्यासारखे उंचवटे. मॉरीननं कपाळावर हात मारला. वेड म्हणाला, “मी रॉक गायक आहे की सोफा?” रॉस, हा गिटारवाला, मोजकंच बोलणारा, तोही हसला. मी रडायच्या बेताला आले होते.

बेस गिटार वाजवणारा लॉईड हा रॉसचा धाकटा भाऊ. उंच, रुंद खांद्यांचा, चेहऱ्यानं शेतकऱ्यासारखा. तो एकटा हसला नाही. त्यानं पँट उलटी करून आतली घडी बघितली आणि विचारलं, “हे इतकं कापड कशासाठी?” त्याचं बोलणं मला पहिल्यापासून ‘तुम्ही’ असंच ऐकू आलं.

मी सांगितलं. माणूस जाड होतो, तेव्हा उपयोगी पडावं म्हणून. नाव विचारलं तर म्हटलं, माया. त्याचा अर्थ काय, म्हणून पुढचा प्रश्न. मी सांगितलं की आमच्या भाषेत आईला लेकराबद्दल वाटते तीसुद्धा माया.

त्यानं ती घडी अंगठ्यानं चाचपली. “म्हणजे आम्ही म्हातारे होणार असं धरून चालणाऱ्या तुम्ही एकट्याच.” मग मॉरीनला म्हणाला, “बाकीच्यांची कापा. माझी राहू दे. मी कोपऱ्यात उभा असतो, मला कोण बघतंय!”

तिघांची माया मी कात्रीनं कापली. लॉईडची ठेवली, फक्त इस्त्रीनं चपटी करून आत टाचली. त्यानंतर तो जेव्हा भेटायचा तेव्हा पहिला प्रश्न, “सू, माया शिल्लक आहे ना?” त्याच्या तोंडी ते ‘माआया’ असं यायचं.

ते दिवस अजून डोळ्यांसमोर आहेत. दुपारी हॉल रिकामा असायचा, दिवेवाले दिवे लावून-विझवून बघत असायचे, ड्रमवाला एकच ढोल शंभर वेळा बडवत असायचा आणि मी पडद्यामागे इस्त्री करत असायची. इस्त्रीच्या फळीला त्या आवाजाचा कंप यायचा. संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही, आजही नाही. पण लॉईडनं तार छेडली की ते आधी तळपायांना समजायचं आणि मग कानाला. एका वर्षी ते ऐन दिवाळीत आले. मी फराळाचा डबा नेला. वेडनं चकली हातात धरून विचारलं, ही काटेरी तार खायची कशी? लॉईडनं डबा मांडीवर घेतला आणि खाली चिवड्याचे शेंगदाणे तेवढे उरवून परत दिला. शेंगदाणे तर त्याच्या अमेरिकेतही मिळतात, असं त्याचं म्हणणं.

मापाची वही मी पहिल्यापासून ठेवली होती. प्रत्येकाला दोन-दोन पानं. वर्तमानपत्रांत बँडच्या चढ-उताराबद्दल काय काय छापून यायचं. मला तो इतिहास कंबरेच्या आकड्यांवरून कळायचा. चांगले दिवस आले तशी वेडची कंबर तिसावरून चौतिसावर गेली. माया कापून टाकलेली, त्यामुळे दर खेपेला नवी पँट. तरी तो म्हणायचा, कापड धुण्यात आटलं. मी हो म्हणायची. ताणणारं कापड आटत नाही, पण गायकाशी वाद घालण्यात काय अर्थ?

मग नव्वदचं दशक उजाडलं आणि सगळं पालटलं. नवे बँड आले, ते स्टेजवर भाजी आणायला निघाल्यासारखे कपडे घालायचे. चौकड्यांचे ढगळ शर्ट, गुडघ्यावर फाटलेल्या जीन्स. आमच्या लोकांच्या चकाकत्या पँटना लोक हसायला लागले. त्या वर्षी बँड आला तो छोट्या हॉलमध्ये, आणि बरोबर त्यांच्या नव्या मॅनेजरनं बारा कोऱ्या जीन्स आणल्या, जुन्या करून द्या म्हणून. मी आणि मॉरीन दोन दिवस कोऱ्या जीन्सवर दगड घासत होतो. माझ्याच्यानं करवेना. आयुष्यभर फाटलेलं शिवलं, आणि आता शिवलेलं फाडायचं? शेवटी घरून खोबऱ्याची किसणी नेली. गुडघे झकास किसले गेले. ती किसणी पुन्हा स्वयंपाकघरात येऊ देणार नाही, असं ह्यांनी बजावलं.

वेडला त्या कपड्यात स्वतःची ओळख पटेना. ढगळ शर्टात उडी मारता येत नाही. आरशासमोर उभा राहून तो मला म्हणाला, “सू, मी कुणाच्या तरी बापासारखा दिसतोय.” तो दोन मुलांचा बाप होताच, पण ते मी बोलले नाही. त्यानंतर काही वर्षं त्यांचा पत्ता नव्हता. बँड मोडला, असं मेघनानंच सांगितलं. ती तोवर केंब्रिजला शिकायला गेली होती आणि तिचे कान आता दुसऱ्याच गाण्यांकडे होते.

आणि मग ते परत आले. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातली वर्षं. पंधरा वर्षांपूर्वीची पोरं आता नोकरदार झाली होती, त्यांना आपलं तरुणपण परत ऐकायचं होतं. हॉल पुन्हा मोठे झाले. लोकांना जुनी गाणी हवी होती आणि जुने कपडेही. वेडची कंबर अडतीस झाली होती. उडी आता चौथऱ्यावरून नव्हे, जमिनीवरून. पण पाय तसेच फाकवायचा. मी लेंग्याचा तुकडा जरा मोठा कापला.

लॉईड सगळ्यांत शेवटी माप द्यायला आला. मी नेहमीच्या सवयीनं टेप त्याच्या कंबरेला लावली आणि आकडा वाचला. वाटलं, टेप मुरगळली. पुन्हा लावली. एकोणतीस. वहीत आधीचा आकडा होता तेहेतीस. छाती बेचाळीसची सदतीस झालेली. खांद्यांची हाडं हाताला लागत होती.

“डाएट?” मी विचारलं.

“हो,” तो म्हणाला. मग म्हणाला, “नाही.”

मॉरीन बाहेर फोनवर होती. खोलीत आम्ही दोघंच. त्यानं मला बसायला सांगितलं आणि स्वतः इस्त्रीच्या फळीला टेकून उभा राहिला. पोटात गाठ होती. अमेरिकेतल्या डॉक्टरला ठाऊक होतं, त्याला ठाऊक होतं, आणि आता मला. उपचार घेतले तर कदाचित काही वर्षं. पण उपचार म्हणजे दौरा रद्द. “रॉसला कळलं तर तो उद्याच्या विमानात घालेल मला. सात वर्षं तो घराच्या गॅरेजमध्ये बसून होता, सू. गिटारला हात लावत नव्हता. हा एक दौरा होऊ दे. दीड महिना. मग मीच सांगतो त्याला.”

“माझ्याकडून काय हवंय?”

“मी पूर्वीसारखा दिसायला हवा.”

मी ज्या बाईकडे शिवण शिकले तिचा एकच नियम होता: एकीचं माप दुसरीला सांगायचं नाही. कोण भरली, कोण सुकली, कुणाला दिवस गेले, हे शिवणारणीला घरच्यांच्या आधी कळतं. ते वहीत राहायला हवं. तो नियम मी तोवर मोडला नव्हता. त्या दिवशी मला तो नियम फार सोयीचा वाटला, हेही कबूल करते. कारण त्याच्या आड उभं राहिलं की ठरवायचं काही उरत नव्हतं.

मी त्याला एक बंडी शिवून दिली. जॅकेटच्या आत घालायची, बिनबाह्यांची, कोटाच्या खांद्यात घालतात तसल्या गादीच्या पातळ थरांची. खांद्यावर तीन थर, छातीवर दोन, पाठीवर दोन. कडा निमुळत्या, म्हणजे जॅकेटवर उठाव दिसू नये. जॅकेटच्या बाह्यांना आतून वेगळी गादी. माझ्या हातून इतकं नेटकं काम आधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही. पँटची कंबर आत घेतली. तो जसा बारीक होत गेला तशी आतली माया वाढतच चालली.

घरी मी ह्यांना सांगितलं. माप सांगितलं नाही, एवढंच म्हटलं की एक जण आजारी आहे आणि भावाला माहीत नाही. हे ट्यूबमध्ये, लंडनच्या भुयारी रेल्वेत, सिग्नलचं काम करायचे; एखादा लाल दिवा दिसूनही न सांगणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

“अगं, भावाला सांगायला हवंस तू.”

“माप कुणाला सांगायचं नसतं.”

“हे माप नाही, सुलभा. आजार आहे.”

त्यांनी नाव घेऊन हाक मारली म्हणजे ते चिडले होते. मी भांडी घासायला उठले.

त्या दौऱ्यात पहिल्यांदाच मी बँडबरोबर गावोगाव गेले, कारण लॉईडनं तसा हट्ट धरला. रोज दुपारी तो माझ्या खोलीत यायचा, मी माप घ्यायची, एखादा थर वाढवायची. बंडी घामानं चिंब व्हायची. सकाळी मी ती हॉटेलच्या खिडकीत वाळत घालायची. दिव्यांच्या उकाड्यात ते सगळं अंगावर घेऊन तो दोन-दोन तास उभा राहायचा आणि एक सूर चुकवायचा नाही. बर्मिंगहॅमला पोचलो तोवर कंबर सव्वीस झाली होती आणि छाती चौतीस.

बर्मिंगहॅमच्या त्या दुपारी रॉस माझ्याकडे आला. पट्ट्याचं बक्कल निघालंय म्हणाला. मी ते शिवत असताना समोर बसून राहिला.

“सू, लॉईड ठीक आहे ना? जेवताना दिसत नाही. तू त्याला रोज बघतेस.”

सुई माझ्या हातात होती. आत्ता सांगायचं, मी मनाशी म्हटलं. अजून तीन आठवडे होते. सांगितलं तर उद्याचं विमान होतं. तीन आठवड्यांनी काय फरक पडला असता कुणास ठाऊक. डॉक्टरलाही ठाऊक नसेल. पण विचारणारा भाऊ समोर बसला होता, आणि त्यानं सरळ विचारलं होतं.

“त्याचं जॅकेट खांद्यात घट्ट होत होतं,” मी म्हणाले. “सैल करावं लागलं.”

रॉसचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. “म्हणजे भरलाय की गडी!” असं म्हणून त्यानं पट्टा घेतला आणि शीळ घालत गेला. त्या कार्यक्रमात एका गाण्याच्या शेवटी रॉस स्टेजवरून चालत कोपऱ्यात गेला आणि त्यानं लॉईडला कवेत घेतलं. घट्ट, पाठीवर थापा मारत. आधीच्या पंधरा वर्षांत त्यानं असं कधी केलं नव्हतं. लोकांनी हॉल डोक्यावर घेतला. मी पडद्याआडून बघत होते, आणि माझं लक्ष होतं बंडी सरकते की काय याकडे. ती सरकली नाही.

दौरा पुरा झाला. लॉईडनं विमानतळावरून मला फोन केला, आता रॉसला सांगतो म्हणाला. सांगितलं की नाही, कधी सांगितलं, मला कळायला मार्ग नव्हता.

सहा-सात महिन्यांनी एका रविवारी सकाळी केंब्रिजलाच स्थायिक झालेल्या मेघनाचा फोन आला. आवाज बारीक.

“आई, पेपरमध्ये आहे. तुझा लॉईड गेली.”

“गेला,” मी म्हटलं. “लॉईड गेला म्हणावं.”

वीस वर्षं तिचं मराठी सुधारत आले, ते तोंडून निघूनच गेलं. मग मी काय बोलले ते मलाच ऐकू आलं. फोन तसाच ठेवून मी जिन्याच्या पायरीवर बसले. हे आले आणि माझ्या शेजारी बसले. तुला सांगितलं होतं, असं ते तेव्हाही म्हणाले नाहीत आणि नंतरही नाही. म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर वर्षभरानं रॉस एकटा लंडनला आला. बँड संपला होता. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो वर्कशॉपचा जिना चढून आला. केस कापलेले, चष्मा लावलेला. मॉरीननं त्याला ओळखलंच नाही. मी ओळखलं, आणि तो कशाला आलाय तेही. मॉरीन किटली घेऊन बाहेर गेली.

“त्यानं शेवटी मला सगळं सांगितलं,” रॉस म्हणाला. “तुझं नाव नाही सांगितलं. पण त्याच्या सामानात ती बंडी मिळाली. टाके तुझे आहेत.”

“हो.”

“बर्मिंगहॅमला मी तुला विचारलं होतं.”

“हो. मी खोटं बोलले. तुझ्या भावाला मी शब्द दिला होता, पण खोटं मीच बोलले.”

तो रागावेल, असं मला वाटत होतं. रागवायला हवा होता. तो कापड कापायच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला, माझ्याकडे पाठ करून.

“शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलात त्याला हात लावू देत नव्हते. नळ्या होत्या सगळीकडे. म्हणजे मी त्याला धरलं ते बर्मिंगहॅमलाच. मला वाटलं होतं, केवढा भरलाय. केवढा घट्ट आहे.” त्यानं चष्मा काढला. “मी कापसाला मिठी मारली, सू.”

मला क्षमा मागता आली नाही. तो शब्द त्या खोलीत फार लहान वाटला असता.

“केवढा होता तो?” रॉसनं विचारलं. “खरा?”

मी वही काढली. लॉईडचं पान सापडायला वेळ लागला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी एकाचं माप दुसऱ्याला वाचून दाखवलं. छाती चौतीस. कंबर सव्वीस. दंड साडेनऊ. रॉस ऐकत होता. मग त्यानं दोन्ही हात पुढे करून हवेतच गोल कवळ घातली, कुणाला तरी धरल्यासारखी, आणि माझ्याकडे बघितलं.

कवळ फार मोठी होती. मी उठले, टेप घेतली, त्याच्या हातांच्या आतून गोल फिरवली आणि चौतिसावर चिमटीत धरली. टेप आणि त्याचे हात यांच्यामध्ये वीतभर जागा मोकळी राहिली. मी दुसऱ्या हातानं त्याचं कोपर हळूहळू आत ढकललं. मग दुसरं कोपर. आणखी थोडं. हात टेपला टेकले तेव्हा थांबले.

“एवढा,” मी म्हणाले.

रॉस तसाच उभा राहिला. त्यानं डोळे मिटले, आणि त्याचे हात सुटेपर्यंत मी टेप धरून ठेवली.